काटक म्हणून घेतलेला गुलाब ऑक्टोबरात माना टाकतोय (ठाणे, पश्चिमेची बाल्कनी)

चौथा_मजला | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच बागवाले आहेत म्हणून विचारते. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी, दुपारी एकनंतर सूर्य घरातच येऊन बसतो. फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या नर्सरीतून झुडूपवजा गुलाब आणला. गुलाबी, घोसाने फुलणारा. चिठ्ठीवर 'हार्डी श्रब रोझ' लिहिलेलं. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, ह्याला काही होत नाही. दगड आहे दगड."

उन्हाळा त्याने काढला. पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळत होती, पण शेजारच्या जास्वंदीचीही गळत होती म्हणून दुर्लक्ष केलं. आता पाऊस थांबला, चार दिवस कडक ऊन पडलं आणि एकदम शेंडे लोंबायला लागले. मी पाणी वाढवलं. आधी सकाळी एक तांब्या होता, आता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. उलट जास्तच मलूल झालाय. कुंडी बारा इंची, प्लास्टिकची. माती लाल, नर्सरीतली. खाली ताटली आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडला की सोसायटीच्या ग्रुपवर माझा उद्धार होतो.

ह्याला नक्की किती पाणी द्यायचं? कुणी ऋतूप्रमाणे तक्ता दिलात तर फ्रिजवर लावते. फुलाचा जुना फोटो जोडलाय.

अळूचं_फदफदं | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

धाग्यावर बसून आहे. माझा जुलैतच गेला. कारण कळलं तर निदान शोकसभेत सांगता येईल.

खारघरची_गच्ची | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ऑक्टोबर हीट आहे, त्यात पश्चिम. पाणी कमीच पडत असणार. दुपारीही एक तांब्या द्या आणि थोडं खत घाला, उठेल.

आबा_नौपाडा | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

अजिबात देऊ नका. पाणीही नको, खतही नको.

ताई, फुलाचा फोटो छान आहे, पण त्यातून काही कळत नाही. मला कुंडीच्या बुडाच्या भोकाचा फोटो हवा. आणि तीन गोष्टी सांगा. ताटलीत आत्ता पाणी आहे का? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घातलं तर काय लागतं? पहाटे सहाला, ऊन यायच्या आधी, शेंडे ताठ असतात की तेव्हाही लोंबलेले?

चौथा_मजला | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:३५

आबा, मुद्दाम गजर लावून उठले. सहालाही लोंबलेलेच. ताटलीत बोटभर पाणी, त्यात डासांची पिल्लं (शी!). माती चिखलासारखी गार. भोकाचा फोटो टाकलाय, भोक दिसतच नाहीये, मातीने बुजलंय.

आबा_नौपाडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

वाटलंच होतं. आता कुंडी आडवी करा, कडेने थापट्या मारा आणि झाड गोळ्यासकट बाहेर काढा. घाबरू नका, त्याचं आणखी काही बिघडणार नाही. मुळांचा रंग बघा आणि वास घ्या.

चौथा_मजला | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१५

काढलं. खालची अर्धी मुळं काळी. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरतं. वास आंबट, गटारासारखा. वरच्या बाजूला मात्र थोडी पांढुरकी मुळं आहेत. वाईट वाटतंय. मी तर रोज न चुकता पाणी घालत होते.

आबा_नौपाडा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

पांढरी मुळं आहेत ना, मग झाड आहे.

आता नीट सांगतो, कारण ठाण्यात दर ऑक्टोबरला हेच होतं आणि दर वेळी लोक उन्हाला नावं ठेवतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या तीन-चार महिने पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांच्यावर बसते. पण पावसाळ्यात हे दिसत नाही. आभाळ झाकलेलं, हवा दमट, पानांतून पाणी फारसं उडतच नाही. मूठभर मुळांवरही झाड भागवून नेतं. मग पाऊस जातो, ऊन तापतं, पानं पाणी मागतात आणि खाली द्यायला कुणी उरलेलं नसतं. झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने माना टाकतं. आपण म्हणतो बिचारं सुकलं, आणि तांब्या घेऊन धावतो.

म्हणजे तुमचा गुलाब ऑक्टोबरात आजारी पडलेला नाही. तो जुलै-ऑगस्टमध्येच पडला होता. ती पिवळी पानं तेच सांगत होती.

करायचं काय: काळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. मुळं अर्धी झाली म्हणजे वरचा बोजाही कमी करायला हवा, फांद्या एक तृतीयांश छाटा. परत बारा इंचीत लावू नका, आठ-दहा इंची मातीची कुंडी घ्या. मुळं थोडी आणि माती फार असेल तर ती माती वाळतच नाही. नुसती लाल माती नको. एक भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग विटांचा चुरा किंवा जाड वाळू. एकदा भोकातून निथळेपर्यंत पाणी, मग सावलीत पण उजेडात ठेवा. नवीन फूट दिसेपर्यंत खत नाही. ताटली आजच काढा.

नाशिकची_लेक | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आबांना +१००. मी मूळची नाशिकची, म्हणजे मोगलांच्या गुलशनाबादची, त्यामुळे गुलाब आपल्याला जमतोच असा माज होता. लग्नानंतर नेरुळला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात चारपैकी तीन कुंड्या रिकाम्या. आईच्या हिशेबाने पाणी घालत होते ना! तिथली कोरडी हवा, थंड रात्री इथे कुठून आणायच्या?

चौथा_मजला | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

पण मग ते 'हार्डी' कशासाठी लिहितात? मी काटक समजून घेतला होता.

बर्फाळ_अंगण | १५ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी डोंबिवलीची, पंधरा वर्षं कॅनडात. ह्याचं उत्तर माझ्या अंगणात आहे. इकडे गुलाबाला 'हार्डी' म्हणतात ते थंडीच्या हिशेबाने. उणे तीस अंशात झाड जगून वसंतात परत फुटलं की ते हार्डी. कॅनडाच्या कृषी खात्याने मुद्दाम असे गुलाब तयार केले, त्यातली 'एक्सप्लोरर' मालिका फेलिसिटास स्वेदा ह्या बाईंनी ओटावात घडवली. त्यांतल्या बऱ्याच वाणांत रुगोसा ह्या जातीचं रक्त आहे, जी मूळची जपान, कोरियाकडच्या समुद्रकाठच्या वाळूतली. खारा वारा आणि बर्फ दोन्ही सोसते. पण तिला हिवाळ्याची झोप लागते, ती ठाण्यात मिळणार नाही. तुमच्या नर्सरीतला बहुधा रुगोसा नसावाच, चिठ्ठी तेवढी उचललेली.

इकडचं पाण्याचं चक्रही उलटं आहे. उन्हाळ्यात आठवड्याला एक इंच पाणी, ऑगस्टनंतर खत बंद म्हणजे कोवळी फूट थंडीत सापडत नाही, आणि जमीन गोठेपर्यंत पाणी चालूच ठेवायचं, कारण कोरड्या मुळांनी हिवाळ्यात गेलेलं झाड वाचणं कठीण. मग बुंध्याशी मातीचा ढीग, आणि एप्रिलपर्यंत काही नाही.

वाशीकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

ते 'आठवड्याला एक इंच' इकडच्या यूट्यूबवरही फिरतं, म्हणून जरा हिशेब करू. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. बारा इंची कुंडीच्या तोंडाचं क्षेत्रफळ धरलं तर जेमतेम १.८ लिटर. आठवड्याला! हा नियम जमिनीतल्या झाडाचा आहे, ज्याची मुळं चारी बाजूंनी पाणी शोधत जातात. मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत कुंडीतला गुलाब एवढं पाणी दोन दिवसांत संपवेल. आणि पावसाळ्यात? आपल्याकडे जुलैत आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो. म्हणजे एका महिन्यात तीसेक इंच.

थोडक्यात, तो आकडा आपल्याला बारा महिने सरसकट लागू पडत नाही.

मी काय करतो सांगतो, हसू नका. सामान मोजायचा हातकाटा असतो ना, विमानप्रवासाच्या बॅगा मोजतात तो, त्याला कुंडी अडकवतो. निथळून झाल्यावरचं वजन लिहून ठेवायचं. मग रोज किती घटतं ते बघायचं. माझ्या गुलाबाचं डिसेंबरात दिवसाला पाव किलोसुद्धा घटत नाही, मे मध्ये किलोभर घटतं, आणि जुलैत काही दिवस घटायच्या ऐवजी वाढतंच. पंधरा दिवसांत काट्याची गरज संपते, कुंडी कलती केली की हाताला कळतं.

अळूचं_फदफदं | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:४४

हसणार नव्हतो, पण बायकोने विचारलं गुलाबाला कुठल्या फ्लाईटने पाठवताय. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खारघरची_गच्ची | १६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

माझा सल्ला मागे घेते. आबा, कुंडीच्या तळाला खडी घालावी का? मी दोन इंच खडीचा थर देते, निचऱ्यासाठी.

आबा_नौपाडा | १६ ऑक्टोबर, रात्री ८:५०

भोकावर एक खापर पालथं ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. थर नको. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते सांध्यावर अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा होता तेवढाच राहतो, फक्त मुळांच्या दोन इंच जवळ येतो. निचरा हवा असेल तर अख्खी माती भुसभुशीत करा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, खालून हवा फिरू दे.

वाशीकर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

हे मला चाळीस वर्षांचा होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

नाशिकची_लेक | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

रच्याकने (बाय द वे), आरओचं टाकाऊ पाणी गुलाबाला चालतं का? रोज बादलीभर निघतं, फेकवत नाही.

वाशीकर | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

नळाचं पाणी कसलं आहे त्यावर. नेरुळला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मुळातच मऊ, त्याचं टाकाऊ पाणीही फार खारट नसतं. (एवढ्या मऊ पाण्याला आरओ लावायचा कशाला, हा वेगळा धागा होईल.) पण सोसायटीत टँकर किंवा बोअर मिसळत असतील तर नको. खाडीलगतच्या बोअरचं पाणी खारट असू शकतं आणि गुलाब मिठाला नाजूक. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) छोटा मीटर मिळतो, मोजून घ्या. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर समजा मीठ साठलंय. मग दोन-तीन वेळा भरपूर गोडं पाणी ओतून धुऊन काढायचं. एसीच्या नळीचं पाणी मात्र बिनधास्त वापरा.

चौथा_मजला | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

अपडेट! तीन आठवडे नुसत्या काड्या होत्या. मग एका सकाळी तांबडे ठिपके, आता बोटभर फूट. पाणी तीन दिवसांनी एकदा घालते, बोट घालून बघून. पहिल्या आठवड्यात इतकी बेचैनी व्हायची! तांब्या हातात घेऊन उभी राहायचे आणि परत तुळशीला घालून यायचे.

आबा_नौपाडा | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

तुळस सांभाळ मग. आता चमचाभर नीमपेंड आणि दोन मुठी गांडूळखत चालेल. पाणी सकाळी, बुंध्याशी. रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. वरच्या दोन इंचांत ओल राहिली तर मुळंही तिथेच घुटमळतात आणि पहिल्या उन्हाला भाजतात. द्यायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत, मग वरची माती वाळेपर्यंत थांबायचं.

छाटणीचं एक सांगायचं राहिलं. पूर्वी आम्ही दसऱ्याला छाटायचो. त्याआधी आठेक दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जुनी पानं झडू द्यायची, मग कात्री. हल्ली दसऱ्यालाही धो धो पडतो, ताण कसला देणार?

वाशीकर | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

बरोबर. हवामान खात्याने २०२० साली मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. मीही आता दिवाळीच्या तोंडावर छाटतो. छाटल्यापासून दीड महिन्याने फुलं धरतात, म्हणजे नाताळ.

चौथा_मजला | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

सहा कळ्या! पण पानांवर पांढरी पावडर. परत पाणी जास्त झालं का?

नाशिकची_लेक | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

ही भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी. हिचा कुंडीतल्या पाण्याशी संबंध नाही, दिवसा कोरडं आणि रात्री थंड-दमट असलं की येते, पान ओलं असायचीही गरज नसते. लागलेली पानं काढून टाका, कुंड्या एकमेकींना खेटून असतील तर लांब करा.

आबा_नौपाडा | ७ जानेवारी, रात्री ८:४०

आणि बुंध्यापासून एखादा धुमारा तरारून निघाला असेल तर बघ, डोळा भरलेल्या (कलमाच्या) गाठीच्या खालून आलाय की वरून. खालचा असेल तर मुळापासून उपट, तो जंगली खुंट आहे, सगळं पाणी तोच पिईल. 'सात पानं म्हणजे जंगली' ह्यावर जाऊ नकोस, झुडूप गुलाबांना स्वतःलाही सात-सात असतात. गाठ बघ.

चौथा_मजला | १९ एप्रिल, दुपारी ३:२०

आबा, परत माना टाकल्यात!! सकाळी सातला पोटभर पाणी दिलं होतं. आत्ता सगळे शेंडे खाली. काय करू?

आबा_नौपाडा | १९ एप्रिल, दुपारी ३:५०

काही करू नकोस. चहा पी. सात वाजता परत बघ.

चौथा_मजला | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:२५

उभा आहे! जसं काही झालंच नाही.

आबा_नौपाडा | १९ एप्रिल, रात्री ९:१०

दुपारच्या उन्हात पानांतून जेवढं उडतं तेवढं वर ओढायला मुळांना जमत नाही. झाड मान खाली घालून ऊन चुकवतं आणि सूर्य कलला की परत उभं राहतं. दुपारी मान टाकली तर बघायचं, संध्याकाळीही टाकलेली असेल तर बोट घालायचं, पहाटे टाकलेली असेल तर खरंच काहीतरी बिघडलंय.

दुपारी पाणी नको. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ह्या दिवसांत चहाइतकं गरम असतं, हात लावून बघ. सकाळी आठच्या आत एकदा. आणि दहा इंची कुंडी असेल तर मे मध्ये संध्याकाळी परत. मातीवर सुक्या पानांचा नाहीतर नारळाच्या शेंड्यांचा थर घाल.

खारघरची_गच्ची | २० एप्रिल, सकाळी ९:००

आमच्याकडे गच्चीत कुंडीची माती इतकी आक्रसली की कडेने फट पडली. पाणी घातलं की लगेच खालून बाहेर. वाटतं भिजली, आतला गोळा कोरडा ठणठणीत. शेवटी अख्खी कुंडी अर्धा तास टबात बुडवून ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्यांचं उलटं होतं, वरून कोरडं, आत ओलं. म्हणून बोटच खरं.

पानांखाली बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. सकाळी पानांच्या पाठीवर जोरात पाण्याचा फवारा मारा, दोन-तीन दिवसांआड.

चौथा_मजला | ६ मे, सकाळी ७:३०

दहा दिवस देवगडला माहेरी चाललेय. नवरा म्हणतो मी घालीन पाणी. (मागच्या वेळी त्याने प्लास्टिकच्या शोभेच्या झाडालाही घातलं होतं.)

वाशीकर | ६ मे, सकाळी ८:१०

कुंडी बाल्कनीतून आत, उजेडाच्या सावलीत. शेजारी उंचावर पाण्याची बादली, तिच्यातून जाड सुती दोरी कुंडीत दोन-तीन इंच खोल. दोरी आधी भिजवा, आणि निघायच्या दोन दिवस आधी करून बघा. किंवा मातीत छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, ते पाझरत राहतं. पण तुमच्या कुंडीत त्याला जागा नाही.

अळूचं_फदफदं | ६ मे, सकाळी ८:१५

आणि प्लास्टिकच्या झाडालाही एक दोरी सोडा, नवऱ्याला वाईट वाटायला नको.

चौथा_मजला | २ जुलै, रात्री १०:००

दोरीने काम केलं! आता पावसाळ्याची भीती. ताटली जूनमध्येच काढली, सुक्या पानांचा थरही काढला, कुंडी विटांवर. काकूंशी बोलून घेतलं, कुंडी आतल्या कोपऱ्यात सरकवली, तिथून थेंब खाली जात नाही. पण गंमत झाली. पंधरा दिवस बाहेर नुसता कोसळतोय, पानं ओलीचिंब, म्हणून पाणी बंद. काल सहज कुंडी उचलली तर हलकी! बोट घातलं तर माती कोरडी.

आबा_नौपाडा | ३ जुलै, सकाळी ७:४५

हे बाल्कनीचंच दुखणं. वाऱ्याबरोबर तिरपी झड येते, पानं भिजवते आणि माती तशीच राहते. पाऊस बघून पाणी ठरवायचं नाही. ओल्या पानांचं मात्र बघ. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सातेक तास सलग ओलं असलं की पुरतं. खालची, मातीला टेकणारी पानं काढ. पाऊस उघडला की फांद्या हलकेच झटक. आणि वाऱ्याची वाट अडवू नकोस.

चौथा_मजला | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मंडळी, वर्ष झालं. ऑगस्टमध्ये काळे ठिपके आले, निम्मी पानं गेली. पण गेल्या आठवड्यात ऊन तापलं, दुपारी शेंडे झुकले आणि संध्याकाळी आपोआप वर आले. मी तांब्याला हात लावला नाही. तक्ता वाशीकरांच्या वजनांवरून मीच केला होता, तो अजून फ्रिजवर आहे, पण मे महिन्याच्या रकान्यावर आमटी सांडल्यापासून कुणी बघत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काल स्वतः वर आल्या. मला वाटलं कपडे. त्यांना छाटणीच्या काड्या हव्यात, लावायला.

पावसाळ्यात टिकलेलं शेवटचं फूल, फोटो जोडलाय.

आबा_नौपाडा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

फुलाचा नको. भोकाचा टाक.

चौथा_मजला | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०४

टाकला. एक पांढरं मूळ बाहेर डोकावतंय.